तीन तास पुढे

पुंता अरेनासला वारा असा, की काही कोपऱ्यांवर
धरून चालायला दोर बांधतात.
तसा दोर धरूनच मी वुकासोविचांच्या दुकानात पोचले,
पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, दोन सीड्या, अर्धं सँडविच.

चष्म्याचं दुकान. काच घासायचं यंत्र सत्त्याण्णव सालचं,
ते बोलतं फक्त जुन्या विंडोजशी,
तेही बोटाएवढ्या जाड वायरीतून.
धाकट्याला हवं होतं नवं काहीतरी,
ज्यात सांतियागोची बिलं उघडतील,
ज्याला बँक दारातूनच हाकलणार नाही.

थोरला नेमेसिओ, सकाळचा.
धाकटा यांको, दुपारचा.
आईचं घर विकलं त्या मार्चपासून दोघांत शब्द नाही.
एक वाजता एक मागच्या दाराने जातो,
दुसरा पुढच्याने येतो.
खुर्ची तेवढी गरम सापडते.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणे.
हे म्यान दोन हजार पाच सालचं,
रॅम एक जीबी, पंख्यात मांजराचे केस.
राहतात.
वाटणी नीट करावी लागते, एवढंच.

चाळीस थोरल्याला, चाळीस धाकट्याला.
आईच्या घरातून इतकी सरळ रेघ
कुणाला मारता आली असती तर.
यंत्र सुरू केलं की काळा पडदा, दोन नावं, दहा सेकंद;
कुणीच काही दाबलं नाही, तर वरचं नाव.
वर कुणाचं नाव,
यावरून मला एकाच दिवशी दोन फोन आले.

आता यातली मेख.
नव्याला जुन्याच्या खोलीत डोकावता येतं.
यांकोने डोकावलं. मला फोनवर सांितलं नाही,
भेटल्यावर, चष्मा पुसत सांगितलं:
गिऱ्हाइकांच्या यादीत तळाशी त्याचंही नाव होतं,
डोळ्यांचा नंबर गेल्या वर्षीपेक्षा पावाने वाढवलेला.
त्याने तर तपासून घेतलंच नव्हतं.
रस्त्यापलीकडून थोरल्याने त्याला
पाट्या वाचताना डोळे बारीक करताना पाहिलं असावं.
"अंदाज चुकलाय त्याचा," यांको म्हणाला.
"अर्ध्याने वाढलाय."

जुन्याला मात्र पलीकडचं काहीच दिसत नाही.
त्याच्या लेखी तिथे नुसतं माळरान,
नाव नाही, गाव नाही.
उघडायला जावं तर विचारतो:
ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही.
आता करायची?

जूनमध्ये, जेव्हा दहा वाजले तरी उजाडत नाही,
नेमेसिओचा फोन. मी तशीच धावले.
पडद्यावर तो प्रश्न अजून तसाच,
आणि त्याचे दोन्ही हात खिशात.

"तिथे कुणी राहत नाही म्हणतोय हा," तो म्हणाला.
"पण राहतं."
"कशावरून?"
"घड्याळावरून. रोज सकाळी तीन तास पुढे असतं.
मी मागे आणतो.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे.
म्हणजे कुणीतरी येऊन गेलेलं असतं."

मी 'नाही' दाबलं. मग समजावलं:
जुना भिंतीवरची वेळ जपतो, नवा ग्रीनिचची,
आतला सेल मात्र एकच,
नाण्याएवढा, दोघांचाही त्याच्यावर विश्वास.
जो उठतो तो आपलीच वेळ खरी धरतो.
एका ओळीचं काम आहे. आत्ता करते.

तो यंत्राकडे गेला. एक काच लावली.
पाण्याची धार, दगडाची घरघर,
बराच वेळ.
"राहू दे," म्हणाला.

बाहेर वाऱ्याने दोर ताणला होता.
बिलावर मी लिहिलं: तपासणी, एक.
खाली, थोडं थांबून:
घड्याळ – हात लावलेला नाही.